प्रकाशाचा उपासक

युरोपच्या उत्तरेस, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रात, १८ लहान बेटांचा एक समूह आहे. त्यास फेरो बेटे असे म्हणतात. ही बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. समुद्रातून सरळ वर चढलेले काळे कडे, त्यांच्या माथ्यावर हिरवेगार गवत, गवतावर चरणारी मेंढरे आणि वर बहुधा ढगांनी भरलेले आकाश, असे तेथील दृश्य असते. झाडांची सावली तेथे सहसा आढळत नाही. परंतु सावली शोधण्याची पाळीही कोणावर येत नाही. उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो खरा, पण हिवाळ्यात सूर्य जेमतेम पाच तास क्षितिजावर रेंगाळतो आणि मावळतो. वैशाखाच्या उन्हाने त्रासून झाडाखाली धाव घेणाऱ्या आपल्यासारख्यांना उन्हाची खरी किंमत सहजासहजी कळावयाची नाही. ती कळली अशा अंधाऱ्या बेटांवर वाढलेल्या एका माणसाला. सूर्यप्रकाशाचे औषधी गुण शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणारे आणि प्रकाशाने रोग बरा करून दाखविणारे डॉक्टर नील्स रायबर्ग फिन्सेन ते हेच.

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांच्या टोर्सहाव्हन या राजधानीत झाला. त्यांचे घराणे मूळचे आइसलँडचे. वडील बेटांच्या कारभारात मोठ्या सरकारी हुद्द्यावर होते. नील्स अवघा चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि घर भावंडांनी भरून गेले.

शाळेत नील्सची गणना हुशार मुलांत कधीच झाली नाही. प्रारंभीचे शिक्षण टोर्सहाव्हन येथे झाल्यावर त्याला डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोल्म येथील निवासी शाळेत पाठविण्यात आले. तेथील मुख्याध्यापकांनी या मुलाविषयी दिलेला अभिप्राय मोठा निराशाजनक होता. मुलगा मनाने चांगला आहे, परंतु त्याची बुद्धी बेताची असून अंगी चलाखी नाही, असा त्याचा आशय होता. १८७६ साली वडिलांनी त्याला तेथून काढले आणि ज्या शाळेत ते स्वतः शिकले होते त्या आइसलँडमधील रेक्याविक येथील शाळेत घातले. तेथूनही तो शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा २१ वर्षांचा झाला होता आणि १५ विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक ११ वा होता. पुढे २१ वर्षांनी ज्याच्या नावाचा गौरव सर्व जगाने केला, त्याच्या विद्यार्थिदशेची हकीकत ही अशी आहे. शाळेतील क्रमांकावरून माणसाची संपूर्ण पारख होत नाही, हे यावरून लक्षात येते.

१८८२ साली फिन्सेन वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे आले. त्यानंतर वर्षभरातच त्यांच्या आयुष्यावर एक काळी छाया पडली. तरुण, उमद्या फिन्सेनना वरचेवर थकवा येऊ लागला. हा रोग मोठा चिवट होता. हृदयाभोवतीचे व यकृतावरचे पातळ आवरण हळूहळू जाड आणि कठीण होत जाई. त्यामुळे हृदयास मोकळेपणाने प्रसरण पावता येईना आणि सर्व शरीरातील रक्ताभिसरण मंदावू लागले. त्या काळी या रोगावर उपाय नव्हता. आपण दीर्घायुषी होणार नाही, हे वैद्यकाच्या या विद्यार्थ्यास लवकरच उमगले असावे. तथापि हाती घेतलेला अभ्यास त्यांनी सोडला नाही.

विद्यार्थिदशेत त्यांची राहण्याची खोली उत्तराभिमुख होती. तीत ऊन येत नसे. खोलीत दिवसभर बसले की अंग जड होई, उत्साह मावळे. बाहेर उन्हात फिरून आले की बरे वाटे. असा अनुभव पुष्कळांना येतो आणि पुष्कळजण तो विसरून जातात. फिन्सेन मात्र विचार करू लागले. उन्हाने मला बरे वाटते ते कशामुळे? उन्हातील उष्णतेमुळे, की उजेडामुळे? आणि खरोखरच गुण येत असेल, तर तो शरीरात कोणत्या रीतीने येतो?

याच सुमारास एक साधी गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली. खिडकीसमोरच्या एका छपरावर एक मांजर ऊन खात पडले होते. थोड्या वेळाने सावली सरकत सरकत त्याच्या अंगावर आली. मांजर उठले, चार पावले पुढे गेले आणि पुन्हा उन्हात अंग टाकून पडले. सावली पुन्हा आली. मांजर पुन्हा सरकले. मांजर उन्हाला बसते हे कोणाला ठाऊक नाही? परंतु मुक्या प्राण्यालाही जे कळते, त्याच्या मुळाशी काहीतरी कारण असलेच पाहिजे, असे फिन्सेन यांच्या मनाने घेतले. त्यांनी या विषयावरचे ग्रंथ चाळले. सूर्यप्रकाशाने रोगजंतू मरतात, असे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवून दिले होते. परंतु माणसाच्या शरीरावर प्रकाश कोणते परिणाम करतो, याविषयी निश्चित ज्ञान फारसे नव्हते. ते मिळविण्याचे फिन्सेन यांनी ठरविले.

१८९० साली ते वैद्यकाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले आणि विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकविण्याच्या कामी त्यांची नेमणूक झाली. काम सन्मानाचे होते, परंतु प्रयोगांना वेळ मिळेना. १८९२ च्या अखेरीस त्यांचा विवाह इंगेबोर्ग बाल्स्लेव यांच्याशी झाला. संसार नुकताच मांडलेला, प्रकृती ढासळलेली आणि मिळकत तुटपुंजी. अशा स्थितीत १८९३ साली त्यांनी ती नोकरी सोडून दिली. प्रकाशाच्या अभ्यासासाठी आपल्याजवळ फार दिवस नाहीत, ही जाणीव त्या निर्णयामागे असली पाहिजे. इंगेबोर्गबाईंनीही पतीच्या या निश्चयास मनापासून साथ दिली.

फिन्सेन यांचे प्रयोग आपणही समजू शकू इतके साधे होते. सूर्याचा पांढरा दिसणारा प्रकाश सात रंगांचा बनलेला असतो, हे आपण शिकलो आहोत. तांबड्या टोकाचे किरण अधिक उष्णता देतात. निळे, जांभळे आणि त्यांच्याही पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण छायाचित्राच्या कागदावर चटकन परिणाम करतात. म्हणून त्या काळी या किरणांना रासायनिक किरण म्हणत. फिन्सेन यांनी एका पेटीवर रंगीत काचांचे झाकण बसविले आणि आत गांडुळे सोडली. गांडुळे निळ्या काचेखालून निघून तांबड्या काचेखाली जाऊन बसली. उजेडाचा खरा जोर निळ्या-जांभळ्या किरणांत आहे, हे या मुक्या साक्षीदारांनी सांगितले.

दुसरा प्रयोग त्यांनी स्वतःच्याच हातावर केला. हातावर काळ्या शाईचा एक रुंद पट्टा ओढला आणि तो हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. नंतर शाई धुऊन टाकली. पट्ट्याच्या जागची कातडी पूर्वीसारखीच पांढरी होती. दोन्ही बाजूंची कातडी मात्र काही तासांत लाल झाली व पुढे सावळी पडली. आता विचार करा. काळा रंग उष्णता अधिक शोषून घेतो. उन्हाच्या उष्णतेने कातडी लाल होत असती, तर शाईखालची कातडी अधिक लाल व्हावयास हवी होती. घडले ते उलटेच. म्हणजे हे कार्य उष्णतेचे नसून रासायनिक किरणांचे आहे. पुढे त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या खेपेस पूर्वी पांढरी राहिलेली जागा लाल झाली आणि सावळ्या पडलेल्या कातडीवर फारसा परिणाम झाला नाही. कातडीचा सावळा रंग हे तीव्र प्रकाशापासून अंगाचे रक्षण करणारे निसर्गाचे कवच आहे, हे त्यावरून दिसून आले.

कातडी लाल होते म्हणजे काय होते? कातडीच्या आत केसांहूनही बारीक अशा असंख्य रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्या रुंदावल्या म्हणजे त्यांतून अधिक रक्त वाहू लागते आणि कातडी लाल दिसते. विस्तवाजवळ हात धरला तर तो लगेच लाल होतो आणि दूर नेला की थोड्याच वेळात पूर्ववत होतो. प्रकाशाने येणारी लाली मात्र काही तासांनंतर येते आणि बरेच दिवस टिकते. म्हणजे प्रकाशाचा परिणाम कातडीपुरता न राहता आतील रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, हे फिन्सेन यांनी ओळखले. ज्याच्या स्वतःच्या शरीरातील रक्ताभिसरण दिवसेंदिवस मंदावत होते, त्याचे लक्ष रक्ताच्या या बारीक वाटांकडे लागून राहावे, हे साहजिकच होय.

रासायनिक किरणांची ओळख पटल्यावर फिन्सेन प्रथम देवीच्या रोगाकडे वळले. देवीचे व्रण तोंडावर व हातांवर, म्हणजे अंगाच्या उघड्या भागांवर, विशेष खोल राहतात, असे दिसून येई. सुजलेल्या कातडीला प्रकाशातील रासायनिक किरण इजा करीत असावेत, असा तर्क करून, रोग्याला तांबडे पडदे लावलेल्या खोलीत ठेवावे, असे त्यांनी १८९३ साली सुचविले. छायाचित्रकार आपले कागद तांबड्या उजेडात हाताळतो, तशीच ही युक्ती होती. नॉर्वे देशात लगेच तिचा अवलंब झाला व गुण येतो असे प्रथम वाटले. पुढील काळात इतर डॉक्टरांना तसा खात्रीचा गुण आढळला नाही आणि ती पद्धत मागे पडली. देवीचा खरा पाडाव लसीने केला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. शास्त्रातील प्रत्येक पाऊल बरोबर पडतेच असे नाही. परंतु प्रकाशापासून रोग्याचे रक्षण करण्याचा विचार करीत असतानाच, प्रकाशाचाच औषध म्हणून उपयोग का करू नये, हा पुढचा विचार फिन्सेन यांच्या मनात दृढ झाला. तोच त्यांच्या जीवनकार्याचा पाया ठरला.

त्या काळी युरोपात त्वचेच्या क्षयाने थैमान घातले होते. क्षयाचे जंतू फुप्फुसांत शिरून माणसाला पोखरतात, हे आपण ऐकलेले असते. तेच जंतू कातडीत शिरले म्हणजे बहुधा नाक, गाल, ओठ यांवर गाठी व व्रण उठत आणि हळूहळू चेहरा खाल्ला जाई. डॉक्टरांनी या रोगाला लॅटिन भाषेतील लांडगा या अर्थाचे नाव दिले होते. रोगी वर्षानुवर्षे जगे, परंतु ते जगणे मरणाहून दुःसह असे. लोक त्याच्याकडे पाहून तोंड फिरवीत. त्याला कोणी कामावर ठेवीत नसे. कित्येक अभागी जीव तोंडावर फडके बांधून, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आयुष्य कंठीत. डॉक्टर हे व्रण खरवडून किंवा जाळून काढीत. रोग पुन्हा उलटे.

प्रकाशाने जंतू मरतात, तर या जंतूंवर प्रकाशाचा मारा करावा, असे फिन्सेन यांनी योजिले. मात्र त्यात दोन अडचणी होत्या. पहिली, नुसते ऊन पुरेसे तीव्र नसते. भिंगाने ते एकवटावे तर उष्णतेने कातडी भाजते. यावर त्यांनी उपाय काढला. भिंगातून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत त्यांनी पाणी ठेवले. पाण्याने उष्णता अडविली आणि रासायनिक किरण पुढे जाऊ दिले.

दुसरी अडचण अधिक विलक्षण होती. किरण कातडीच्या आत खोलवर जाईनात. त्यांना अडवीत होते कोण? फिन्सेन यांनी एका माणसाच्या कानाच्या पाळीमागे छायाचित्राचा कागद ठेवला आणि पुढून निळा-जांभळा प्रकाश सोडला. पाच मिनिटे झाली तरी कागदावर काही उमटले नाही. मग त्यांनी कानाची पाळी दोन काचांमध्ये दाबून धरली. दाबामुळे आतील रक्त बाजूला सरले आणि पाळी पांढरीफटक झाली. पुन्हा प्रकाश सोडला, तो अवघ्या वीस सेकंदांत कागद काळा पडला. उलगडा झाला! रासायनिक किरणांना वाटेत शोषून घेत होते ते रक्तच. रोगाची जागा पारदर्शक स्फटिकाच्या चकतीने दाबून धरली आणि तेथील बारीक रक्तवाहिन्या क्षणभर रिकाम्या केल्या, तर प्रकाश थेट जंतूंपर्यंत जाऊन भिडेल. एवढ्या साध्या प्रयोगाने एका असाध्य रोगाचे दार उघडले.

डेन्मार्कसारख्या देशात बाराही महिने ऊन कोठून मिळणार? म्हणून फिन्सेन यांनी विजेच्या प्रखर दिव्याचा आश्रय घेतला. कोळशाच्या दोन कांड्यांची टोके जवळ आणून त्यांमधून वीज सोडली म्हणजे डोळे दिपविणारा प्रकाश पडतो. कोपनहेगनच्या वीज कारखान्यात असे दिवे होते. त्या कारखान्यात नोव्हेंबर १८९५ मध्ये पहिला रोगी दिव्यासमोर बसला. तो एक अभियंता होता. आठ वर्षे त्वचेच्या क्षयाने त्याचा चेहरा विद्रूप झाला होता आणि सर्व उपचार थकले होते. कातडीचा एक लहानसा भाग घ्यावा, त्यावर प्रकाश सोडावा, दुसऱ्या दिवशी शेजारचा भाग घ्यावा, असा क्रम रोज चालू राहिला. दिवसांमागून दिवस गेले. हळूहळू व्रण भरू लागले, गाठी विरल्या आणि काही महिन्यांत त्या माणसाच्या चेहऱ्याचे रूप पालटले. ज्याने लोकांत मिसळण्याची आशा सोडली होती, तो पुन्हा माणसांत आला.

ही वार्ता पसरताच दुःखी रोग्यांची रीघ लागली. कोपनहेगनमधील उदार नागरिकांनी द्रव्यसाह्य केले, पुढे सरकारनेही मदतीचा हात पुढे केला आणि १८९६ साली फिन्सेन प्रकाशवैद्यक संस्थेची स्थापना झाली. तेथे फिन्सेन यांनी आपल्या दिव्याची रचना पूर्णत्वास नेली. खोलीच्या मध्यभागी उंचावर एक मोठा विजेचा दिवा टांगलेला असे. त्यापासून दुर्बिणीसारख्या चार नळ्या चार दिशांना खाली आलेल्या असत. नळ्यांत काचेऐवजी क्वार्ट्झ स्फटिकाची भिंगे बसविलेली असत, कारण साधी काच अतिनील किरणांना अडविते. उष्णता शोषण्यासाठी नळ्यांत पाणी खेळविलेले असे. प्रत्येक नळीखाली एकेक रोगी निजलेला असे आणि त्याच्याजवळ बसलेली परिचारिका स्फटिकाची चकती व्रणावर दाबून धरीत असे. सुमारे तासभर तिला हात हलविता येत नसे. हे काम रोज, आणि एकेका रोग्यासाठी महिनोन्‌महिने चाले. फिन्सेन यांच्या यशात या परिचारिकांच्या चिकाटीचा वाटा मोठा होता.

पहिल्या पाच-सहा वर्षांत संस्थेत सुमारे ८०० रोग्यांवर उपचार झाले. त्यांतील बहुतेकांना गुण आला आणि पुष्कळजण पूर्णपणे बरे झाले. निरनिराळ्या देशांचे डॉक्टर ही विद्या शिकण्यासाठी कोपनहेगनला येऊ लागले. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा ही मूळची डेन्मार्कची राजकन्या. तिच्या पुढाकाराने १९०० साली लंडन येथील गरिबांच्या एका मोठ्या रुग्णालयात फिन्सेन यांचा दिवा बसविण्यात आला. पुढे त्या रुग्णालयात राणीचा पुतळा उभारला, तेव्हा त्याच्या चौथऱ्यावर या दिव्याखाली उपचार घेणाऱ्या रोग्यांचे शिल्प कोरण्यात आले.

इतरांचे चेहरे असे उजळत असता, प्रकाशाच्या या उपासकाचे स्वतःचे शरीर मात्र खंगत चालले होते. रक्ताभिसरण मंदावल्यामुळे त्यांच्या पोटात पाणी साचे व ते वारंवार काढावे लागे. पुढे चालणे अशक्य झाले आणि चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. आपल्या शोधाचा उपयोग आपल्या रोगावर होण्यासारखा नाही, हे त्यांना ठाऊक होते. परंतु या दुःखाचीही त्यांनी विद्या केली. आपण रोज काय खातो, किती पाणी पितो, किती मीठ घेतो, याची ते काटेकोर नोंद ठेवीत. शरीरात मीठ साचून राहिले की पाणीही साचते, असे त्यांना या नोंदींवरून आढळले. त्यांनी आपल्या आहारातील मीठ कमी केले आणि या अनुभवावर १९०४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हृदयाचे दुखणे असलेल्या रोग्यास आज डॉक्टर मीठ बेताने खाण्यास सांगतात. अंथरुणाला खिळलेला हा शास्त्रज्ञ त्याच दिशेने विचार करीत होता.

१९०३ साली फिन्सेन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. आदल्या वर्षी हेच पारितोषिक, हिंदुस्थानात सिकंदराबाद येथे हिवतापाविषयी महत्त्वाचा शोध लावणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना मिळाले होते. डेन्मार्कला मिळालेला नोबेलचा हा पहिलाच मान होता. सर्व देश आनंदला. परंतु समारंभासाठी स्टॉकहोमपर्यंतचा प्रवास करण्याचे त्राण फिन्सेन यांच्या अंगी उरले नव्हते. सत्काराचा तो दिवस त्यांनी घरीच काढला. पारितोषिकाच्या रकमेतून ५०,००० क्रोन त्यांनी आपल्या प्रकाशसंस्थेस दिले आणि ६०,००० क्रोन त्यांनीच स्थापन केलेल्या, हृदयाच्या व यकृताच्या रोग्यांसाठी असलेल्या आरोग्यधामास दिले. मागे पत्नी आणि लहान मुले होती. स्वतःचे दिवस संपत आले होते. अशा वेळी पारितोषिकाचा मोठा भाग रोग्यांच्या सेवेस देऊन टाकणे, ही गोष्ट सामान्य नव्हे. १९०४ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठानेही त्यांना आपले मानाचे पारितोषिक दिले.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९०४ रोजी, कोपनहेगन येथे फिन्सेन यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते. आपल्या मृत्यूनंतर देहाची तपासणी करावी आणि या रोगाविषयी मिळेल ते ज्ञान डॉक्टरांनी मिळवावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे करण्यात आले. जिवंतपणी ज्याने स्वतःच्या हातावर आणि स्वतःच्या आहारावर प्रयोग केले, त्याने मृत्यूनंतर आपला देहही ज्ञानासाठी दिला.

त्यानंतर काळ पुष्कळ बदलला. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढे क्षयावर अधिक गुणकारी औषधे निघाली आणि त्वचेच्या क्षयासाठी फिन्सेन यांच्या दिव्याची आवश्यकता उरली नाही. २००५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी उपकरणे तपासली, तेव्हा एक नवलाची गोष्ट उघडकीस आली. सर्वांत तीव्र अतिनील किरण त्या नळ्यांतून मुळी बाहेर पडतच नसत. काम करीत होते ते त्यांहून सौम्य असे अतिनील आणि निळे किरण. क्षयाच्या जंतूंच्या अंगी जे रंगद्रव्य असते, त्यावर हे किरण पडले म्हणजे जंतूंना मारक असा प्राणवायूचा एक प्रकार तयार होतो. म्हणजे फिन्सेन यांचे औषध खरे होते. ते लागू कसे पडते, हे कळावयास आणखी शंभर वर्षे लागली.

दिवा मागे पडला, तरी विचार मागे पडला नाही. नवजात बालकाला कावीळ झाली म्हणजे त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. या उपचाराचा उगम इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ च्या सुमारास झाला. तेथील एका परिचारिकेने बाळांना उन्हात नेले असता, उन्हात उघडी राहिलेली कातडी फिकी झाल्याचे आणि दुपट्याने झाकलेली कातडी तशीच पिवळी राहिल्याचे दिसून आले. फिन्सेन यांच्या हातावरील शाईच्या पट्ट्याची येथे आठवण होते. दुपट्याच्या त्या कडेने आजवर असंख्य बालकांचे प्राण वाचविले आहेत.

रक्तवाहिन्यांवर प्रकाशाचा परिणाम होतो, हे फिन्सेन यांनी कातडीच्या लालीवरून ओळखले होते. तो धागाही पुढे इतरांनी हाती घेतला. अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांना १९५५ साली आढळले की, सशाच्या रक्तवाहिनीच्या तुकड्यावर प्रकाश पडला म्हणजे तो सैल पडतो. रक्तवाहिन्या सैल ठेवण्याचे काम नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू करतो, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट व आणखी दोन संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर हा वायू पुरेसा निर्माण करू शकत नाही, त्यांच्या रक्तवाहिन्या ताठर होतात आणि रक्तदाब वाढतो. आपल्या कातडीतही या वायूचा साठा असतो आणि सौम्य अतिनील किरणांनी तो मोकळा होऊन रक्तात उतरतो. एडिंबरो आणि साउदम्प्टन येथील संशोधकांनी २४ निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अशा किरणांनी रक्तदाब थोडा वेळ किंचित उतरतो, असे त्यांत दिसून आले. हा अद्याप रोगावरचा सिद्ध उपचार नव्हे. शोध चालू आहे. शिवाय अतिनील किरणांचा अतिरेक झाल्यास कातडी करपते आणि कर्करोगही उद्भवू शकतो. औषध मात्रेत घेतले तरच ते औषध असते. हा नियम प्रकाशालाही लागू आहे.

१९०९ साली कोपनहेगन येथे फिन्सेन यांचे स्मारक उभारण्यात आले. रुडॉल्फ टेग्नर या शिल्पकाराने ते घडविले आहे. त्यात फिन्सेन यांची मूर्ती नाही. एक पुरुष उभा आहे, दोन स्त्रिया गुडघे टेकून त्याच्या दोन्ही बाजूंस बसल्या आहेत आणि ती माणसे आकाशाकडे, प्रकाशाकडे झेपावीत आहेत. प्रकाशाकडे, हेच त्या शिल्पाचे नाव आहे.

ज्या अंधाऱ्या कोपऱ्यांत विद्रूप चेहऱ्याची माणसे तोंड लपवून बसत असत, तेथपर्यंत फिन्सेन यांनी प्रकाश नेला. त्यांना ना मोठी प्रयोगशाळा लाभली, ना धडधाकट शरीर. शाईचा एक पट्टा, काचेचे दोन तुकडे, छायाचित्राचा एक कागद आणि जे दिसेल ते का दिसते, असे विचारणारे मन एवढ्याच सामग्रीवर त्यांनी आरंभ केला आणि मिळालेल्या थोड्या आयुष्यातला प्रत्येक दिवस दुसऱ्यांच्या कारणी लावला. त्यांच्या प्रयोगांची बीजे आपल्या अंगणात रोज पडणाऱ्या उन्हातच आहेत. ती पाहणारी दृष्टी मात्र आपण कमवावी लागते.